मामांचं मरण प्रलंबित

गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा गल्लीतल्या कोणीही भारत सरांचं अभिनंदन केलं नाही. समोरच्या घरातले चंपतराव ओट्यावरून उतरले, गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "सर, पाटी काळी काऊन हाय?"

चंपतराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, पण गल्लीत घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची मिसल, म्हणजे फाईल, ते अजूनही मनातल्या मनात चालवत. भारत सरांनी त्यांना समजावलं की स्वतः चालवायला भाड्याने घेतलेल्या गाडीची पाटी काळी आणि आकडे पिवळे असतात, तसा नियमच आहे. चंपतरावांनी नियम मान्य केला. मात्र काळ्या पाटीच्या गाडीतून मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलेला बाप आपल्या पाहण्यात नाही, आणि गल्लीतल्या हर्षदीपची भाड्याची जीप केली असती तर पाटी आणि ड्रायव्हर हे दोन्ही प्रश्न मिटले असते, एवढी नोंद त्यांनी करून ठेवली.

शेजारच्या रेणुकाबाई तोवर ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बंपरवर नारळ फोडायला निघाल्या. भारत सरांनी त्यांचा हात वरच्यावर धरला. ते बोथ गावातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत आणि दरवर्षी फेब्रुवारीत अंधश्रद्धेवर भाषण देत, पण त्या क्षणी त्यांच्या मनात विज्ञान नव्हतं. करार होता. वाहनावर कोणतंही चिन्ह काढू नये, वाहनाला कठीण वस्तूचा आघात करू नये, वाहन चालू असताना आत कोणीही फोन वापरू नये, असं त्यात लिहिलेलं होतं. 'मनमौज' नावाच्या त्या कंपनीच्या आदिलाबादच्या माणसाने सांगितलं होतं की करार वाचणारा ग्राहक तो पहिल्यांदाच पाहतोय, आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं.

भारत सरांनी करार नुसता वाचला नव्हता, प्रामाणिकपणे भरलाही होता. 'प्रवासाच्या ठिकाणची एक जबाबदार व्यक्ती, जिला आणीबाणीत कळवता येईल' या रकान्यात त्यांनी नागपूरच्या होणाऱ्या व्याह्यांचं नाव आणि नंबर घातला. नागपुरात त्यांच्या ओळखीची याहून जबाबदार व्यक्ती नव्हती.

जबाबदार हा शब्द व्याह्यांना तंतोतंत लागू पडे. साक्षगंधाची पहिली तारीख भारत सरांच्या आईला, म्हणजे रुख्मिणीबाईंना, टायफॉइड झाल्यामुळे हुकली होती. दुसरी तारीख देताना व्याह्यांनी फोनवर अतिशय सौम्य आवाजात सांगितलं होतं की तिसरी तारीख नसेल. मुलगा, प्रज्वल, मालवाहू जहाजावर नोकरीला होता. मंगळवारी तो निघाला की आठ महिने समुद्रावर. मयूरीने, भारत सरांच्या एकुलत्या एक मुलीने, आजवर चार मुलं नाकारली होती आणि या मुलाचा फोन आला की ती गच्चीवर जाई. तेव्हा रविवारी संध्याकाळी नागपूरला पोचायचं होतं, एवढीच गोष्ट होती. भारत सरांनी शनिवारी सकाळी निघायचं ठरवलं, कारण ते गाडी चालवायला उशिरा शिकले होते आणि ते ट्रॅक्टरलाही पुढे जाऊ देत.

सामान भरून झालं, रुख्मिणीबाई मागच्या सीटवर बसल्या, आणि भारत सरांच्या पत्नी सुनयनाबाईंचा फोन वाजला. बेज्जूरकडच्या जंगलातल्या गावाहून सपनाचा फोन होता. सपना म्हणजे रुख्मिणीबाईंचे धाकटे भाऊ धोंडीबा यांची सून. ती रडत रडत एवढंच म्हणाली, "मामाजी गेले वो ताई," आणि फोन बंद झाला.

धोंडीबामामा सत्तरीचे असले तरी मागच्याच दिवाळीत त्यांनी विहिरीत उडी मारून पोहून दाखवलं होतं. रुख्मिणीबाईंनी तोंडाला पदर लावला, श्वास भरून घेतला आणि हंबरडा फोडणार तोच गल्ली भरली. रेणुकाबाईंच्या मते सुतक तीन दिवसांचं, म्हणजे साक्षगंध बुडालं. चंपतरावांच्या मते लग्न होऊन गेलेल्या बहिणीला आणि भाच्याला एका अंघोळीचं, म्हणजे आज अंत्यविधी उरकून, अंघोळ करून उद्या सकाळी तिकडूनच निघालं तर संध्याकाळी नागपूर. दोन्ही बाजूंचे दाखले निघाले. शेवटी चंपतरावांची बाजू वरचढ ठरली, कारण ती सोयीची होती. व्याह्यांना मरणाचं न सांगता 'एक लहानशी अडचण आहे, पण उद्या नक्की पोचतो' असं कळवायचं ठरलं. शुभकार्याच्या आदल्या दिवशी कोण असं सांगतं.

राहिली कंपनी. गाडीचा मार्ग बोथ ते नागपूर असा ठरलेला होता आणि परवानगीशिवाय तो बदलता येत नव्हता. भारत सरांनी फोन लावला. मराठीसाठी सात दाबायचं होतं. सातवर एक मुलगी आली, तिने आपलं नाव प्रीती सांगितलं. तिचं मराठी छापील होतं आणि आवाज घाबरलेला. ती म्हणाली की आणीबाणीत मार्ग बदलता येतो आणि मृत्यू ही आणीबाणी आहे.

"मृताशी नातं काय, सर?"

"मामा."

"मामा यादीत नाहीत, सर. आई, वडील, भाऊ, बहीण, अपत्य आणि पती-पत्नी आहेत."

इथे रुख्मिणीबाईंनी दुसऱ्यांदा श्वास भरून घेतला. भारत सरांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आई, एक मिनिट. मला ऐकू येत नाहीये." रुख्मिणीबाईंनी तो श्वास तसाच सोडून दिला. मग भारत सरांना सुचलं की गाडीतल्या एका प्रवाशाचा तो सख्खा भाऊ लागतो. प्रीतीला हे पटलं. तिने मार्ग बदलून दिला, कंपनीच्या वतीने दुःख व्यक्त केलं आणि पोचल्यावर आजच्या आज पुरावा पाठवायला सांगितलं. दाखला लगेच मिळत नसेल तर मृत व्यक्तीचा एक फोटो चालेल, असंही ती म्हणाली.

निघताना भारत सरांनी कलमाप्रमाणे चारही फोन बंद करून समोरच्या कप्प्यात ठेवले. वाटेत आसिफाबादच्या पुढे रुख्मिणीबाईंना तिसऱ्यांदा भरून आलं. पण रस्त्याला वळणं होती, समोरून लाकडाचा ट्रक येत होता, आणि मुलाची मान कडक झालेली त्यांना मागून दिसत होती. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तिथं गेल्यावरच रडतो."

मे महिना होता. दुपारच्या उन्हात गाव सामसूम होतं. मामांच्या दारात गर्दी नव्हती, तिरडीचे बांबू नव्हते, मडकं नव्हतं. आपण फार सावकाश गाडी चालवली आणि सगळं उरकून गेलं, असं त्यांना वाटलं. ते अंगणात शिरले. लिंबाच्या सावलीला बाजेवर बसून धोंडीबामामा आंबा चोखत होते.

सुनयनाबाईंनी मयूरीचा दंड धरला. भारत सरांना एकाच वेळी इतक्या गोष्टी वाटल्या की चेहऱ्याला त्यातली एकही निवडता आली नाही. पहिल्यांदा रुख्मिणीबाईच सावरल्या.

"धोंड्या, तू मेला नाईस का रे?"

त्या आवाजात आनंद होता, पण तक्रारही होती.

मामांनी कोय बाजूला ठेवली. "सपनानं दुसरा फोन नाई केला?"

सपना घरातून धावत आली. रडायला जरा अवधी देऊन तिने दुसरा फोन लावला होता, लावून लावून हात दुखवले होते, पण तोवर चारही फोन बंद. झालं होतं ते असं. पहाटे मामा लिंबाखाली तोंड धूत होते आणि कावळा त्यांच्या डोक्याला शिवून गेला. कावळा डोक्याला शिवला की मरण येतं, आणि ते टाळायचा एकच उपाय त्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असतो. जवळच्या नातलगांना तो माणूस मेल्याची खोटी खबर धाडायची. नातलग रडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते निघून जातं. रडून झालं की लगेच दुसरी खबर धाडायची, की माणूस धडधाकट आहे. पूर्वी यासाठी गडी धावत पाठवायचे, आता फोन असतो.

"म्हून आत्याबाईच्याच घरी केला फोन," सपना म्हणाली. "त्यायच्याएवढं रडणारं आमच्यात कोणी नाई."

आता मामा पुढे सरकले. "लय रडली का वो बाई?"

रुख्मिणीबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने बुटांकडे पाहिलं. मग हळूहळू उलगडा झाला की रुख्मिणीबाई तीनदा रडायला निघाल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्यांना थांबवण्यात आलं होतं. सुनयनाबाई फराळाचे डबे मोजत होत्या, मयूरी प्रज्वलला निरोप टाइप करत होती. मामांच्या मरणावर एक टिपूससुद्धा पडलेलं नव्हतं.

मेल्याची खबर गेली आणि कोणी रडलं नाही, हे ऐकायला फार थोडी माणसं जिवंत असतात. "म्हंजे ते टळलं नाई अजून," ते शेवटी म्हणाले, आणि उरलेला आंबा त्यांनी खाल्ला नाही. रुख्मिणीबाईंनी तिथल्या तिथे रडून पाहिलं. पण समोर बनियनवर आंब्याचा रस सांडलेला भाऊ बसलेला असताना ते काही जमेना.

भारत सर लिंबाखाली गेले, कारण गावात फोन लागायची ती एकच जागा होती, आणि त्यांनी सात दाबलं. त्यांचा समज असा होता की ही बातमी चांगली आहे आणि कंपनीलाही ती चांगली वाटेल. प्रीतीने ऐकून घेतलं आणि आपल्या पडद्यावरचे रकाने दोनदा वरखाली करून पाहिले.

तिच्यापुढे मृत्यूच्या खाली तीनच पर्याय होते. पूर्ण, प्रलंबित आणि रद्द. पूर्ण म्हणायचं तर पुरावा हवा. रद्द म्हणायचं तर आणीबाणी झालीच नाही, म्हणजे गाडी विनापरवाना इतक्या लांब आली. मग कंपनी दुरूनच तिचं इंजिन आणि दारं बंद ठेवील, सोमवारी आदिलाबादहून ट्रक येईल आणि गाडी उचलून नेईल.

"आणि प्रलंबित म्हटलं तर?"

"तर पुरावा येईपर्यंत इंजिन बंद राहील, सर. पण ट्रक येणार नाही."

"ताई, माणूस जिवंत आहे. माझ्यासमोर बसलाय."

"मला कळतंय, सर. पण त्याला पर्याय नाहीये."

भारत सरांचा आवाज याही वेळी चढला नाही. तो कधीच चढत नसे, आठवीच्या वर्गावरही नाही. त्यांनी प्रलंबित ठेवायला सांगितलं आणि सांगताना मामांकडे पाठ केली. मामांनी तरीही ऐकलं. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ सपनाला विचारला, थोडा विचार केला आणि म्हणाले की कंपनीवाली पोट्टी हुशार आहे, हे बरोबर आहे.

त्याच वेळी अंगणाबाहेर गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले आणि दारं खाडकन बंद झाली. साक्षगंधाचे कपडे, अंगठी आणि फराळाचे डबे आतच राहिले.

नंतरचा सगळा शनिवार उपायांत गेला. लग्नांची दाट तिथ होती. बेज्जूरपर्यंतच्या सगळ्या जीपा वऱ्हाडात अडकल्या होत्या, इतकंच काय, गावातले दोन्ही ट्रॅक्टर नवरदेवाकडे होते. चंपतरावांना फोन लावला तर ते आनंदले, कारण प्रकरण आता कागदाचं झालं होतं. त्यांनी सांगितलं की मामांचा हयातीचा दाखला काढा, दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करा, आणि दरखास्त, म्हणजे अर्ज, जोडून कंपनीला धाडा. दाखला देणारे ग्रामपंचायतीचे कार्यदर्शी, म्हणजे ग्रामसेवक, सोमवारी येणार होते. तेव्हा चंपतरावांनी सोमवारपर्यंत थांबायचा सल्ला दिला आणि हर्षदीपच्या जीपची पुन्हा आठवण काढली.

मग मामा उठले. त्यांनी हातपाय धुतले, स्वच्छ धोतर नेसले आणि ओसरीत सतरंजीवर उताणे झोपले. त्यांनी सपनाकडून नाकात घालायला कापूस मागून घेतला. "काढा फोटो. फोटोच पाह्यजे ना त्यायले?" ते डोळे मिटून म्हणाले. "बंडी सुटते, पोरीचं काम होते." त्या भागात गाडीला बंडीच म्हणतात.

सगळ्यांनी भारत सरांकडे पाहिलं. फोन त्यांच्या हातात होता. मामांचा चेहरा शांत होता, कापूसही व्यवस्थित बसला होता. पुराव्यात काही उणं नव्हतं. भारत सरांनी फोन वर केला, धरून ठेवला, आणि खिशात टाकला.

"मामा, उठा. हे खोटं आहे. मी नाही पाठवणार."

मामा डोळे न उघडता म्हणाले, "तुमच्यासाठी मरून राह्यलो मी, तं मलेच शिकवते."

मयूरी इतका वेळ दाराशी उभी होती. ती चार दिवसांपूर्वी पार्लरला जाऊन आली होती, आता प्रवासाच्या धुळीने तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. ती ओरडली नाही. हे घर ओरडणाऱ्यांचं नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "उद्या मी त्यांना काय सांगू? की आमच्याकडे कोणी मेलं नाही, म्हणून आम्ही आलो नाही?"

रात्री कोणी नीट जेवलं नाही, मामा सोडून.

रविवारी सकाळी भारत सर पुन्हा लिंबाखाली गेले. प्रीतीशी शेवटचं बोलून पाहायचं आणि नाहीच जमलं तर व्याह्यांना खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. नंबर लावण्याआधी त्यांनी सहज वर पाहिलं आणि कालपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि तारांचं घरटं होतं आणि त्यातून लाल चोची बाहेर आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना हाक मारली. मामा, सपना, रुख्मिणीबाई, सुनयनाबाई, मयूरी सगळे अंगणात आले. भारत सरांनी बोट दाखवून समजावलं की पिल्लं असताना कावळ्याची जोडी घरट्याखाली येणाऱ्या कोणावरही झडप घालते, त्याचा मरणाशी काडीचा संबंध नाही, माणूस बाजूला झाला की...

कावळ्याने मागून येऊन त्यांच्या टाळूवर चोच मारली आणि तो कौलावर जाऊन बसला.

अंगणात जी शांतता पसरली तशी शांतता भारत सरांच्या वर्गात कधी पसरली नव्हती. सपनाने तोंडावर पदर घेतला. मामा हळूच दोन पावलं मागे सरले.

"मी आत्ताच तर कारण सांगितलं," भारत सर डोकं चोळत म्हणाले.

पण रुख्मिणीबाईंनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला होता. खबर धाडायची, आणि ती लगेच धाडायची. प्रश्न एवढाच होता की कोणाला. जीव लावणारी सगळी माणसं तर अंगणातच उभी. त्या असा विचार करत असतानाच हातातला फोन वाजला. प्रीतीचा होता. भारत सर आहेत का, असं तिने विचारलं; त्यांच्या मामांच्या तब्येतीत रात्रीतून काही फरक पडला का, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

"भारत?" रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि शनिवारपासून तीनदा अडवलेलं सगळं एकदम सुटलं. "भारत गेला वो बाई. आता गेला. उभ्या उभ्या गेला माहा लेक. बोलता बोलता गेला."

भारत सर पुढे झाले. सुनयनाबाईंनी, ज्या लग्नापासून कधी त्यांच्या आड आल्या नव्हत्या, त्यांचा सदरा मागून घट्ट धरला.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून एक हुंदका आला, आणि छापील मराठी पार विरघळून गेलं.

"काल तं बोलले वो माझ्यासोबत," प्रीती म्हणाली. "सगळे लोकं ओरडतात मले. येवढे एकच सर होते, ओरडले नाई. मी बंडी बंद केली तरी ताई म्हणाले मले." आणि ती रडू लागली. रुख्मिणीबाई इकडून रडत होत्या, ती तिकडून, आणि मध्ये भारत सर उभे होते. आपल्यासाठी कोणी रडताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना धक्का बसला होता तो मेल्याचा नव्हता. हे ऐकायला बरं वाटतंय याचा होता.

प्रीतीने रडत रडत काहीतरी दाबलं असावं. बाहेर दिवे लुकलुकले, दारं उघडली. भारत सरांच्या फोनवर अक्षरं उमटली: 'ग्राहकाचा मृत्यू. वारसांच्या सोयीसाठी वाहन मुक्त करण्यात येत आहे.'

रुख्मिणीबाईंनी डोळे पुसले. "रडली पोरगी. टळलं," त्या म्हणाल्या, आणि फोन मुलाच्या हातात परत दिला.

भारत सर म्हणाले की आत्ताच्या आत्ता दुसरा फोन केला पाहिजे. खुद्द रीतही तेच सांगते, पहिल्या खबरेपाठोपाठ दुसरी. त्यांनी सात दाबलं. पलीकडे सतार वाजू लागली आणि आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एक वेगळीच बाई सांगू लागली.

सुनयनाबाई तोवर गाडीत बसल्या होत्या. "दुसरा फोन रडून झाल्यावर करायचा असतो," त्या म्हणाल्या. "तिचं झालं नसेल अजून. तुम्ही चला."

मामाही बसले. लिंबावर कावळा असेपर्यंत ते त्या घरात राहणार नव्हते. भारत सरांनी किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि तेव्हा त्यांना कलम आठवलं. वाहन चालू असताना आत कोणीही फोन वापरू नये. त्यांनी सगळे फोन बंद करून कप्प्यात ठेवले. राजुरा गेलं, चंद्रपूर गेलं. सतार कप्प्यात केव्हाच थांबली होती. चंद्रपूरच्या पुढे भारत सरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका ट्रॅक्टरला मागे टाकलं. मयूरीने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नागपूरपर्यंत काढला नाही.

ऊन कलताना ते व्याह्यांच्या घरासमोर पोचले. मंडप होता, पण त्याच्या झालरी काढून एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. खुर्च्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं खाली पाहत बसली होती. भारत सरांना वाटलं, बिचाऱ्यांकडे काहीतरी झालेलं दिसतंय, आणि ते चेहरा गंभीर करून उतरले. समोर स्टुलावर एक फोटो ठेवलेला होता. सोयरीक ठरवायच्या बैठकीच्या दिवशी सगळ्यांच्या मिळून काढलेल्या फोटोतून एकच चेहरा कापून मोठा केलेला होता, त्यामुळे कानाजवळ कोणाचातरी खांदा आला होता. फोटोला गुलाब आणि निशिगंधाचा भारी हार होता. भारत सरांनी चष्मा पुसून पाहिलं. ते स्वतः होते.

आणीबाणीत कळवायची जबाबदार व्यक्ती. प्रीतीने आपलं काम चोख केलं होतं.

व्याही खुर्चीवरून उठले आणि उठल्या जागी थांबले. त्यांचे डोळे सुजले होते. कोणीतरी खुर्ची पाडली. प्रज्वल आतून पळत आला आणि भारत सरांना ओलांडून आधी मयूरीकडे गेला. भारत सर हात जोडून उभे राहिले. मेलेल्या माणसाने बोलायला सुरुवात कुठून करावी, हे त्यांना कळेना.

त्या दोघांच्या मध्ये रुख्मिणीबाई आल्या. "तुमी रडले का?" त्यांनी व्याह्यांना विचारलं.

व्याह्यांनी मान हलवली. ते सकाळपासून रडत होते.

"मंग आता याले लय वर्सं काई होत नाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि तिथेच खुर्ची ओढून त्यांनी कावळ्यापासून सांगायला सुरुवात केली. मामा मध्ये मध्ये पुरावा म्हणून उभे राहत होते.

व्याही सगळं ऐकत राहिले. ते नियमाचे माणूस होते आणि घडलेल्या गोष्टीत नियमाला धरून काहीही नव्हतं. पण ज्या माणसासाठी सकाळपासून रडलो, त्याच्यावर संध्याकाळी रागवायचं कसं, हे त्यांनाही उमगत नव्हतं. शेवटी त्यांनी रुमालाने डोळे कोरडे केले, स्टुलाकडे गेले, फोटोवरचा हार उतरवला, तो भारत सरांच्या स्वागतासाठीच आणलेला होता, आणि त्यांच्याच गळ्यात घातला. "झालरी लावा," ते मांडवाकडे वळून म्हणाले. "मुहूर्त अजून गेलेला नाही."

साक्षगंध झालं. जेवणं झाली. आपल्याच फोटोकडे पाठ करून भारत सरांनी दोन वेळा वांग्याची भाजी मागून घेतली.

सोमवारी आदिलाबादला गाडी परत करताना कंपनीच्या माणसाने सही वारस म्हणून सुनयनाबाईंची घेतली. भारत सर शेजारीच उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. बॉनेटवरच्या स्वस्तिकाबद्दलही नाही.

बाहेर येऊन भारत सरांनी सात दाबलं. या वेळी सतार वाजली नाही.

"ताई, मी भारत बोलतोय. बोथचा. आमच्याकडून एक दुसरा फोन करायचा राहिला होता."

भारत सरांनी कावळा, घरटं आणि आई हे सगळं क्रमाने सांगितलं आणि माफी मागितली. प्रीती हसली की पुन्हा रडली, ते त्यांना नीट कळलं नाही. मग तिने नाक पुसलं आणि तिचा छापील आवाज परत आला.

"सर, मग आता तुमच्या नावापुढे मी काय भरू? पूर्ण काढून रद्द करू का?"

भारत सरांनी थोडा विचार केला. खोटं त्यांना अजूनही चालत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "प्रलंबित ठेवा."